अब्बांची पत्रे आणि रुसलेला मेल

आमचे गाव नरसी नामदेव, हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. अब्बा सौदीत नोकरीला होते तेव्हा आम्ही भावंडे शाळेत होतो. फोन महाग पडायचा, म्हणून अब्बा ईमेल लिहीत. अक्षरे रोमन, बोली घरची. संगणकावर थंडरबर्ड हा मोफत मेल प्रोग्रॅम घातलेला होता. नेट असेल तेव्हा मेल उतरवून घ्यायचे आणि मगरिबनंतर अम्मीला वाचून दाखवायचे, असा आमचा शिरस्ता. खात्यातली जागा भरून जाईल या भीतीने आम्हीच एक खूण करून ठेवली होती: मेल संगणकात उतरला की सर्व्हरवरची प्रत पुसावी.

अब्बांच्या इंतिकालानंतर तो संगणक दोन वर्षे बंदच पडून होता. एक दिवस अम्मी म्हणाल्या, "घरावर स्लॅब टाकताना तुमच्या अब्बांनी एका दोस्ताकडून पैसे घेतले होते. किती ते त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं. बघा जरा." आम्ही गप्प झालो. मय्यताचे कर्ज आधी फेडायचे, वारसांचे वाटे त्यानंतर, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मोबाइलवर खाते उघडले, तर त्यात अब्बांचे एकही पत्र नाही. संगणक सुरू केला, तर मेलच्या प्रोग्रॅमने सर्टिफिकेट वैध नसल्याची सूचना दाखवली. आम्ही तिघांनी तीन उपाय केले. प्रोग्रॅम काढून पुन्हा घालण्यापर्यंत मजल गेली. दुरुस्तीच्या एका दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "फॉरमॅट मारू, सगळं नवं होईल."

संगणक दुकानात न्यायला आम्ही पिशवीत भरतच होतो. तेवढ्यात आपाची धाकटी मुलगी म्हणाली, "मामू, नवे मेल येत नाहीत की जुने उघडत नाहीत? आधी हे तर बघा." तिने ती सूचना बंद केली, डावीकडचा इनबॉक्स उघडला. अब्बांची सगळी पत्रे तिथेच होती! बिघाड फक्त सर्व्हरशी जोडणी करण्यात होता. घरात उतरलेल्या पत्रांना काहीच झाले नव्हते. फॉरमॅट मारले असते, तर मात्र ती कायमची गेली असती.

मग दुरुस्तीच्या आधी नक्कल केली. थंडरबर्डच्या 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन' असते. तिथून प्रोफाइलचा फोल्डर सापडतो. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला.

आता बिघाडाकडे वळलो. संगणकाच्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली की तारीख मागे जाते आणि आजचे सर्टिफिकेट संगणकाला अवैध वाटते. अशा वेळी 'अपवाद मंजूर करा' हे बटण दाबू नये. आधी तारीख बघावी. सीआर 2032 क्रमांकाची नवी बॅटरी घातली, तारीख लावली आणि ती सूचना गेली.

लगेच दुसरी आली: पासवर्ड चुकीचा. पासवर्ड तर बरोबर होता. पण 30 मे 2022 पासून गूगलने बाहेरच्या प्रोग्रॅमना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर प्रवेश देणे बंद केले आहे. खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, 16 अक्षरांचा अॅप पासवर्ड घेतला आणि तो घातला. मेल येऊ लागला, पण जाईना. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पासवर्ड प्रोग्रॅम वेगवेगळे साठवतो; जाणाऱ्याचा जुनाच राहिला होता. साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतून तो काढून नवा दिला. अल्हम्दुलिल्लाह, मेल गेला.

त्या रात्री अम्मींना पत्रे वाचून दाखवली. स्लॅबचे पत्र सापडले. त्यात दोस्ताचे नाव होते आणि रक्कम होती, 40 हजार. शेवटी अब्बांनी लिहिले होते की त्याने कागद मागितला नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो. आम्ही तिघांनी पैसे जमवले आणि त्या चाचांच्या घरी जाऊन दिले. ते विसरूनही गेले होते.

संत नामदेवांची पदे मराठी गाथेत आहेत, तशी गुरु ग्रंथ साहिबातही 61 आहेत. शब्द एकाहून जास्त ठिकाणी जपावेत, हे आमच्या गावाला तरी नवे नसावे. अब्बांची पत्रे आता पेन ड्राइव्हवर आहेत, आपाच्या घरी आहेत आणि सर्व्हरवरची प्रत पुसण्याची ती खूण आम्ही काढून टाकली आहे. तुमच्याही घरी असा जुना संगणक असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा.