पंधरा इंचांची बाजू

पुण्याजवळच्या माणमध्ये बदल केलेली गाडी घेऊन चहाला थांबलं की पहिला प्रश्न येतो, “स्टेज वन केलीये का?” त्याच्या पाठोपाठ दुसरा, “मॅगव्हील कितीची?” माझी गाडी 2014 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड घेतलेली. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे तशी आपल्या जिल्ह्यातलीच. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीतून आलेले 105 पीएस आणि सात गिअरचा डीएसजी. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नुसती चपळ हॅचबॅक, यावर मित्रांमध्ये वाद आहे. स्टेज वन, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रिमॅप, झाला, गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आल्या आणि तो वाद जरा माझ्या बाजूला झुकला. राहिली होती ती चाकं. कंपनीच्या 15 इंची रिमवर 185/60 चे जुने टायर होते. वाढलेला टॉर्क त्यांना पेलत नव्हता. ओल्या रस्त्यावर पाय जरा जोरात पडला की पुढची चाकं जागेवर फिरायची आणि मीटरमधला ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकायचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं: 17 इंच. पोलो खाली बसवायची, कमानीत 17 भरायचं, टायरची कड बोटभर दिसू द्यायची. फोटोत त्याला तोड नाही हे मलाही मान्य आहे. पण माझी गाडी फोटोत कमी आणि माणच्या रस्त्यावर जास्त असते.

बाहेरचे लोक ज्याला हिंजवडी फेज 3 म्हणतात, त्यातला मोठा भाग आमच्या माणच्या शिवारात आहे. शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या 23.3 किलोमीटरच्या मेट्रोचा डेपोही इथलाच. गेली काही वर्षं इमारती, रस्ते आणि मेट्रो असं सगळं एकदम बांधलं जात असल्याने खडीचे डंपर आणि आरएमसीचे मिक्सर दिवसरात्र चालू असतात. मिक्सरमधून सांडलेलं काँक्रीट डांबरावर घट्ट होऊन बसतं. त्याचा गोळा खड्ड्यापेक्षा वाईट, कारण त्याला धार असते. पहिल्या पावसात खड्डे पाण्याखाली जातात आणि किती खोल ते चाक आत गेल्यावरच कळतं. बोडकेवाडीच्या बाजूने घोटवड्याकडे निघालात तर वाहतूक कमी होते, पण डांबराची तुटलेली कड आणि बिनरंगाचे गतिरोधक सोबतीला असतात. मला चाक निवडायचं होतं ते या रस्त्यासाठी.

तरी 17 ची बाजू नीट ऐकायची होती. पिरंगुटच्या माझ्या मावसभावाकडे त्याच्या जुन्या गाडीवरून उतरवलेला 17 चा सेट पडून होता. “लावून बघ, आवडला तर घे, घरातच राहील,” म्हणाला. सेट दिसायला देखणा होता, पण एका रिमला आतून बेंड होता आणि एका टायरला फुगा आला होता. असा फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त बाहेरच्या रबरावर तोललेली असते. तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. मी विचारलं, “हे कशाने झालं?” तो म्हणाला, “तुमच्याच रस्त्याने.”

आबांचा इंद्रायणी तांदूळ तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा घरात असतो. त्यावर एक 17 ची रिकामी रिम ठेवली, साडेदहा किलोच्या वर गेली. टायर दुकानातून पाहायला आणलेली फ्लो फॉर्म्ड प्रकारची 15 ची रिम ठेवली, सहाच्या आसपास. आबा ओसरीवरून बघत होते. “इंजिनाची ताकद वाढवायला पैसं घातलं, आता पायात लोखंड बांधायला घालतोस व्हय?” त्यांनी तांत्रिक भाषेत बोलायची गरज नव्हती. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यात उतरलेलं जड चाक परत रस्त्याला टेकायला वेळ घेतं, आणि तेवढ्या क्षणात त्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण मिळतं. शिवाय ते फिरतं वजन आहे. गाडी पुढे ढकलण्याबरोबर चाक फिरवायलाही ताकद लागते, आणि वजन कडेला जितकं जास्त तितकी अधिक. रिमॅपने कमावलेलं मी रिममध्ये घालवणार होतो.

मग वही घेऊन बसलो. टायरच्या आकड्यांचं गणित पाचवीतल्या मुलाला जमेल असं आहे. 185/60 आर 15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या 60 टक्के, 111. ती वरखाली दोनदा मोजायची आणि त्यात 15 इंचांचे 381 मिळवायचे. चाकाचा पूर्ण व्यास 603 मिलिमीटर. 17 वर लोक लावतात त्या 215/40 चा व्यास जवळपास तेवढाच, 604. म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही आणि दुकानदार त्याला “परफेक्ट साइज” म्हणतो. पण त्याची कड फक्त 86 मिलिमीटर असते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये उरलेली गादी तेवढीच.

मला हवा होता तो 195/60 आर 15. कड 117 मिलिमीटर, व्यास 615. मूळ मापापेक्षा 2 टक्के मोठा, म्हणजे मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा साधारण 2 किलोमीटर जास्त वेगाने जात असेल. स्पीडोमीटर मुळातच थोडा वाढवून दाखवतो, त्यामुळे हा फरक खपून जातो. कमानीत घासेल का, याची चिंता होती. पण याच पोलोच्या नंतरच्या गाड्यांवर कंपनीने 16 इंचांवर 195/55 दिले, त्यांचा व्यास 621 आहे. तेवढं चाक आत फिरतं तर 615 ला अडचण नव्हती. खाली बसवलेल्या गाडीला जमिनीपासून 6 मिलिमीटर परत मिळाले आणि कमानीतली रिकामी जागाही तेवढीच भरली. आणखी एक साधा हिशेब: हे माप चालतं आहे. माणगावला किंवा साताऱ्याला संध्याकाळी टायर फाटला तर दुकानात मिळण्याची शक्यता आहे. 215/40 साठी पुण्यात फोन फिरवावे लागतात.

रिमची मापं मात्र दुकानदाराच्या “बसतंय की” वर सोडायची नसतात. पोलोला पाच बोल्ट, 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. हा पीसीडी चुकला तर चाक बसतच नाही, त्यामुळे तो सहसा चुकत नाही. गोंधळ होतो तो ऑफसेटचा, म्हणजे रिम हबला जिथे टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे त्याचा. कंपनीची रिम 6 इंच रुंद आणि ऑफसेट 40 च्या आसपास; मी घेतलेली साडेसहा इंच रुंद, ऑफसेट 38. अर्ध्या इंचाची वाढ दोन्हीकडे निम्मी वाटली आणि त्यात ऑफसेटचे 2 मिलिमीटर धरले, की चाक बाहेर साधारण 8 आणि आत साधारण 4 मिलिमीटर सरकतं. आत शॉकअ‍ॅब्सॉर्बरपासून जागा राहिली, बाहेर कमानीच्या आतच राहिलं. ऑफसेट फार कमी करून चाक बाहेर काढणारे खूप आहेत, पण त्याने व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो आणि प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला धक्का देतो.

बाजारातल्या रिमचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं. माझ्या रिमचं 73.1 मिलिमीटर होतं आणि पोलोचा हब 57.1 चा. मधल्या फटीत हब रिंग बसवावी लागते. ती नसली तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगला पैसे देत राहतो.

रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या खुणा शोधल्या. पहिली म्हणजे बनवणाऱ्याने जपानी मानकाप्रमाणे केल्याचा दावा, दुसरी म्हणजे तिथल्या संस्थेकडे नोंदवलेली चाचणी. नावाजलेल्या डिझाइनची नक्कल असलेल्या रिमवर या खुणाही नुसत्या कोरलेल्या असू शकतात, म्हणून पावती, कमाल भाराचा आकडा आणि विकणाऱ्याची ओळख मी खुणेइतकीच महत्त्वाची धरली. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या रिमची कड गरम असताना रुळांनी दाबून ताणतात. त्यामुळे ती पातळ होऊनही साध्या ओतीव रिमपेक्षा मजबूत राहते. फोर्ज्ड त्याहून सरस, पण तिची किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

फिटिंगच्या दिवशी खरा प्रश्न बोल्टचा निघाला. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक रिमची शंकूसारखी उतरती. कारागीर पोरगा जुनेच बोल्ट लावायला निघाला. “दादा, आटे सेम आहेत, घट्ट बसतात.” आटे सेम होते हे खरं, पण गोल डोकं उतरत्या खाचेत बारीकशा रेषेवर टेकतं. मशिनवर घट्ट लागतं आणि चालता चालता सैल होतं. मी शंकूच्या बैठकीचे बोल्ट आधीच मागवले होते. पिशवीतून काढून दिले तेव्हा त्याने जुना आणि नवा शेजारी धरून बघितला आणि मालकाला हाक मारली, “शेठ, हे बघा, हे वेगळंय.” शेवटचा आवळ टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटरला दिला आणि थोडं चालवून पुन्हा तपासला.

टायर निवडताना वेगाच्या आधी पाऊस पाहिला. मुळशी तालुक्यातला ताम्हिणी घाट म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी एक. तिथे साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. 195 इतका अरुंद आहे की पाणी कापतो आणि इतका रुंद आहे की रिमॅप पेलतो. रेसिंगकडे झुकणारे मऊ टायर कोरड्यात घट्ट धरतात, पण त्यांच्या नक्षीत पाण्याला वाट कमी असते. मी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग चांगलं असणारा टूरिंग टायर घेतला, 88 एच. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचले. तिथे 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. माझ्यापुढे पहिल्यांदा ठेवलेल्या चारांत दोन वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. बदलून द्या म्हटल्यावर कुरकुर न करता बदलले.

हवेबद्दलचा गैरसमज घरोघरी आहे. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्याकडे सल्ला फिरत होता की उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. होतं नेमकं उलटं. हवा कमी असली की कड जास्त वाकते, वाकून तापते आणि तापून फाटते. मी सकाळी, गाडी न चालवता, गाडीवरच्या हवेच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरतो.

घोटवडे फाट्यावरून पौड रस्त्याला लागून ताम्हिणीत गेलो तेव्हा फरक कळला. खड्ड्यानंतर गाडी पहिल्यासारखी उडत नाही, चाक लगेच रस्त्याला लागतं, ओल्या चढावर तो पिवळा दिवा क्वचित दिसतो. तोटाही आहे. वळणात शिरताना उंच कड किंचित वाकते, स्टिअरिंगचं उत्तर 17 इतकं चटकन येत नाही. आमच्याच तालुक्यातल्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची शर्यत भरते, तिथे पाव मैलाच्या सपाट पट्टीवर माझं उंच टायरचं गणित कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. तिथलं चाक त्या पट्टीसाठी निवडलेलं असतं.

मावसभावाने माझी चाकं बघून नाक मुरडलं. “एवढा खर्च करून गाडी कंपनीतून आल्यासारखीच दिसती.” मी त्याला त्याच्या टायरवरचा फुगा दाखवला. आता कोणी मॅगव्हील कितीची विचारलं की मी आधी विचारतो, गाडी कुठून कुठे चालते? रोज द्रुतगती मार्ग असेल तर त्याने खुशाल 17 घ्यावं. उद्या मेट्रोचं काम आटोपून माणचे रस्ते गुळगुळीत झाले, तर मीही घेईन. तोवर माझं उत्तर 15.