पोथीमागचे हात

मुंबईहून नागपूरला जाताना भुसावळ सोडलं, की अकोल्याच्या अलीकडे शेगाव लागतं. तिथं उतरलात तर श्रीगजानन महाराजांचं दर्शन घ्याल, गरमागरम कचोरी खाल. जरूर खा! पण मंदिरातून निघायची घाई करू नका. पांढऱ्या कपड्यांतल्या एखाद्या सेवेकऱ्याला पारायणाची जागा विचारा. तो तुम्हालाही ‘माउली’ म्हणेल आणि वाट दाखवील.

तिथं माणसं ओळीनं वाचत बसलेली दिसतील. कुणी मनात, कुणी पुटपुटत. समोर एकवीस अध्यायांची पोथी, ‘श्रीगजानन विजय’. वाचायला लागतं काय? पोथी आणि डोळे, एवढंच ना? चला, मोजून बघू.

ही पोथी रचली संतकवी दासगणूंनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. ती शेगावातच पूर्ण झाली, शके १८६१च्या गुढीपाडव्याला. शकात ७८ मिळवा. किती आले? १९३९. महाराजांनी समाधी घेतली १९१० साली. म्हणजे मधे २९ वर्षं गेली! तेवढा काळ ज्यांनी आठवणी जपल्या, एकमेकांना सांगितल्या, त्यांचे पहिले आभार.

मग छापखाना. पूर्वी एकेक अक्षर म्हणजे धातूचा एकेक खिळा असे, आणि त्यावरचं अक्षर उलटं! ते उलटं वाचत ओळ जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. जुळाऱ्याची एक वेलांटी चुकली, तर ‘दिन’चा ‘दीन’ व्हायचा. ती चूक पकडायला मुद्रितशोधक. शिवाय कागद करणारे, पानं शिवणारे. आणि त्या आजोबांच्या नाकावर चष्मा आहे ना? त्याच्या काचा घासणाऱ्यालाही विसरू नका. काचा नसत्या तर आजोबांना ओळीच्या जागी मुंग्यांची रांग दिसली असती!

एवढं सगळं असूनही एक माणूस नसेल, तर पोथी मिटलेलीच राहते. तो म्हणजे अक्षर शिकवणारा. आपल्याच जिल्ह्यातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं बघा. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणारी घरं फार थोडी. त्यांच्या वडिलांनी, बापूजींनी, त्यांना घरी शिकवलं. पुढे ताराबाईंनी पुस्तकच लिहिलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. बुलढाण्यात लिहिलेलं ते पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. बायकांवर होणाऱ्या अन्यायाचा जाब त्यांनी त्यात विचारला. बापूजींनी अक्षरं शिकवलीच नसती, तर तो जाब ताराबाईंच्या मनातच राहिला असता.

असा बाप, अशी शाळा ज्यांना मिळाली नाही, अशा कितीतरी आज्या अजून आपल्या आसपास आहेत. कुणी मोठ्यानं वाचत असलं, की त्या शेजारी टेकतात, हात जोडून ऐकतात. त्यांना पोथी पाठ असते; पण पान उघडून दिलं तर ‘अ’ कुठला ते सांगता येत नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुस्तक हातात आलं की आधी सुरुवातीचं ते बारीक अक्षरांचं पान वाचा. मुद्रक, प्रकाशक यांची नावं तिथं असतात. ज्यांची नावं नसतात, त्यांचीही आठवण काढा. आणि घरात वाचता न येणारं कुणी असेल, तर पुढचं पान त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचा. जमलं तर त्यांचं बोट धरून ‘अ’सुद्धा गिरवा.