घाटाआधी आजऱ्यात

कोल्हापूरहून आंबोलीला निघालो तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. आमच्या जुन्या मारुती ८०० मध्ये मागे बसलेली आई उत्तूरच्या अलीकडेच कुरकुरली, "अरे, खड्डा गेला तरी गाडी हलतेच आहे!"

आजऱ्याच्या मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन थांबायची ती गाडी तीन-चारदा डुलली. पुढच्या एका शॉकअपवर तेलाचे ओघळ होते, टायरही ठिकठिकाणी खोलगट झिजला होता. "स्प्रिंग गाडी पेलते, तिची उसळी शॉकअप आवरतो. असेच घाट उतरलात, तर ब्रेक मारताना चाक रस्ता सोडेल," ते म्हणाले. मी एकच बदला म्हटले; त्यांनी साफ नकार दिला. डाव्या-उजव्यांची जोडी एकदमच बदलायची!

नवी जोडी गडहिंग्लजहून एसटीने येईपर्यंत रिक्षाने रामतीर्थाला जाऊन हिरण्यकेशीचा धबधबा पाहिला, सुवासिक घनसाळ तांदळाचा भात जेवलो. परतलो तेव्हा मिस्त्री क्लॅम्प लावून स्प्रिंग आवळत होते. दाबलेली स्प्रिंग निसटली, तर हात जायबंदी होतो. हे काम घरी करून पाहू नये.

दुसऱ्या दिवशी आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना आईने पुढची सीट घट्ट धरली नाही. सावंतवाडीत आधी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, मगच लाकडी खेळणी पाहायला गेलो.