गांधीबाग ते दादर : गाडीतली गाणी

गांधीबागेत दिवसभर कापडाचेच राज्य असते. थान उलगडण्याचा आवाज, हातगाडीवाल्यांची ओरड, भावावरून घासाघीस. आमचे वडील याच बाजारात गाठी वाहत. आज आम्ही याच बाजारातील एका पेढीवर हिशेब लिहितो.

1998 सालच्या 4 डिसेंबरची संध्याकाळ. महापरिनिर्वाण दिनासाठी वस्तीने वर्गणी काढून चैत्यभूमीपर्यंत लक्झरी ठरविली होती. गांधीबागेच्या बगिच्याजवळ गाडी लागली. बायांजवळ भाकरी-ठेच्याची शिदोरी, आणि आमच्याजवळ रुमालात बांधलेल्या सहा कॅसेटी. आम्ही दहावीत होतो व आमच्या खिशात शिसपेन्सिल होती, म्हणून हे खाते आमच्याकडे आले. आजच्या मुलांना सांगायला हवे की कॅसेटची फीत सैल पडली की तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ती फिरवून घट्ट करावी लागे.

साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटे. गाडी ताशी चाळीसने चालली तर एका बाजूत वीस किलोमीटर. सहा कॅसेटींच्या बारा बाजू, म्हणजे 240 किलोमीटर. अकोला येता येता आमची पुंजी संपणार होती, आणि दादर तर आठशेच्या पुढे! बी.कॉम. नंतर झालो, पण पहिला ताळेबंद हाच, आणि तो तुटीचा होता.

गाडी सुरू झाली आणि ड्रायव्हरने स्वतःची कॅसेट लावली. पंढरीची गाणी. “आमची लावा ना जी,” म्हटल्यावर उत्तर आले, “मालकाचा हुकूम आहे. गाडीत देवाचंच वाजते.” बाजारगाव गेले, कोंढाळी गेली, तरी तेच. मागची तरणी पोरे उठून उभी राहिली. पैसे आमचे, जायचे बाबासाहेबांना वंदन करायला, आणि गाणे मात्र यांच्या पसंतीचे! आवाज चढू लागले. रात्रीच्या रस्त्यावर ड्रायव्हरशी भांडण म्हणजे सगळ्यांच्याच जिवाशी खेळ.

वडील उठले, इंजिनाजवळ जाऊन बसले आणि थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “ड्रायव्हरभाऊ, गाणारा कोन आहे?”

“प्रल्हाद शिंदे.”

“मंग आमच्या कॅसेटीतबी तेच आहेत ना जी. गळा एकच आहे. आता आमची बाजू लावून पाहा.”

ड्रायव्हरने दिव्याखाली आमच्या कॅसेटचे कव्हर निरखून पाहिले. फोटोही तोच. काही न बोलता त्याने कॅसेट बदलली. प्रल्हाददादांनी विठ्ठलाचीही गाणी गायली आणि भीमरायाचीही, म्हणून आपल्यातले काहीजण नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. त्या रात्री पन्नास माणसांचे भांडण त्याच गळ्याने मिटविले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अकोला मागे पडल्यावर वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची कॅसेट टेपने गिळली. बोटभर फीत बाहेर लोंबत राहिली आणि पेन्सिलीचा इलाज चालेना. गाडीत एकदम शांतता. तेव्हा मागच्या बाकावरून आमच्या आत्याबाईंनी ओवी धरली. जात्यावरची ओवी, तीत बाबासाहेब, तीत रमाई. दोन ओळींची ओवी झाली की दुसरी बाई पुढची उचलायची. ना ढोलकी, ना पेटी. क्लीनर पोरगा दाराशी बसून ऐकत होता. अशा ओव्या गावोगाव फिरून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी जमविल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. आमच्या आत्याबाईंच्या मात्र कोणीच लिहून घेतल्या नाहीत. आमच्या खिशात पेन्सिल होती तरी.

पहाटे मलकापूरच्या अलीकडे ड्रायव्हरचे डोळे मिटू लागले. कोणी म्हणाले, आवाज वाढवा. वडिलांनी गाडी ढाब्यावर घ्यायला लावली, त्याला अर्धा तास झोपविले, मग चहा पाजला. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गाण्याने झोप थोडा वेळ लांबते, जात नाही. कसारा घाट लागताच वडिलांनी टेप बंद करविली. त्यांचा नियमच होता : कसाऱ्यापासून दादरपर्यंत गाणे नाही. दुःखाच्या दिवशी वाजतगाजत शिरायचे नसते.

2024 च्या डिसेंबरात आम्ही घरची मंडळी भाड्याच्या जीपने निघालो. गांधीबागेशेजारच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर आता डोक्यावरून मेट्रो धावते. समृद्धी महामार्ग तेव्हा इगतपुरीपर्यंत सुरू झाला होता (पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला तो जून 2025 मध्ये). मोबाईलमध्ये हजार गाणी, तुटीचा प्रश्नच उरला नाही. पण ज्याच्या त्याच्या कानात ज्याचे त्याचे गाणे. ड्रायव्हर एकटाच गप्प बसलेला. शेवटी आम्ही आमचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडून घेतला.

शिर्डीची पाटी आली तशी बायको म्हणाली, “आवाज कमी करा.” का, ते विचारावे लागले नाही. 2015 च्या मे महिन्यात याच शिर्डीत मोबाईलच्या रिंगटोनवरून वाद झाला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाला त्यात जीव गमवावा लागला. काचा बंद होत्या, गाडी शंभराच्या वेगाने चालली होती, तरी आमचा हात आवाज कमी करायला गेला. याची आम्हाला लाज वाटली, हे लपवत नाही.

सिन्नर तालुका लागला. “वामनदादांचं गाव देशवंडी याच तालुक्यात,” आम्ही सांगितले. 1922 साली तिथे जन्मले. 2004 साली मे महिन्यात ते गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. मुलीने कानातले काढले, हात पुढे करून आवाज पुन्हा वाढविला, आणि ड्रायव्हरही स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरू लागला.

इगतपुरीला महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागलो. कसारा घाटाच्या पहिल्या वळणावर आम्ही काही बोलण्याआधीच मुलीने गाणे बंद केले. आजोबांचा नियम तिला कोणी सांगितला, कोण जाणे. बहुधा आत्याबाईंनीच.