मागच्या चाकाच्या तारा

रत्नागिरी

भाचेबुवा,

तुझा मेसेज मिळाला. सायकलला बसवायच्या इंजिनाच्या किटचा फोटो आणि खाली एवढंच, 'मामा, घेऊ का?' त्याच संध्याकाळी ताईचा फोन: 'तुझं ऐकतो तो, नको म्हणून सांग.' तुला हो म्हणावं तर ताई बोलायची बंद होईल, आणि नको म्हणावं तर तू मला न सांगता घेशील. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

हे वेड तुलाच लागलंय असं समजू नकोस. १९४६ साली जपानात हामामात्सू गावी सोइचिरो होंडांच्या हाती लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं आली. युद्ध नुकतंच संपलेलं, वाहनांची वानवा. त्यांनी ती इंजिनं सायकलींना बसवून विकली. पहिल्या सायकलवर टाकी म्हणून चक्क शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती. आज जगभर दिसणाऱ्या होंडाच्या मोटारसायकलींचं मूळ त्या बाटलीशी जाऊन पोचतं. तेव्हा वेडाला माझी ना नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

मी किट मागवलं तेव्हा माझाही क्रम चुकला होता. खोकं उघडलं आणि आधी इंजिन बाहेर काढलं. आपली जुनी काळी डबल बार सायकल अंगणात उलटी केली आणि फ्रेमच्या त्रिकोणात ते धूड बसतं का बघितलं. बसलं. त्या आनंदात मी बाकी काही मोजलंच नाही.

किटची रचना तशी सोपी. उजवीकडची पॅडलची चेन आहे तशीच राहते. डावीकडे इंजिनाची दुसरी चेन येते आणि ती मागच्या चाकाला जोडलेलं मोठं दातेरी चाक फिरवते. हँडलवर क्लचचा लिव्हर. तो दाबून पॅडल मारत वेग घ्यायचा आणि लिव्हर सोडायचा, की मागचं चाकच इंजिनाला फिरवतं आणि इंजिन पेटतं. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलातच ऑईल मिसळायचं, लिटरला ५० मिलि. नवीन इंजिनाला आधी थोडं जास्त. ते ऑईल विसरलास तर पिस्टन सिलेंडरमध्ये धरलाच म्हणून समज, कारण आतल्या भागांना दुसरं वंगण नाही. जाहिरातीत '८० सीसी' लिहितात त्यावर जाऊ नकोस. सिलेंडरचा व्यास ४७ मिमी आणि पिस्टनची धाव ३८ मिमी. हिशेब कर, ६६ येतात.

आता चाकाकडे ये. ते दातेरी चाक मागच्या चाकाच्या तारांवर, दोन्ही बाजूंनी रबराच्या चकत्या घालून, नऊ बोल्टांनी आवळायचं असतं. नऊ बोल्ट, म्हणजे छत्तीस तारांच्या चाकाला बेतलेलं. आपल्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा. चाळीसला नवाने भाग जात नाही, हे तिसरीतलं पोरही सांगेल. मला ते सायकल उलटी असताना सुचलं नाही. बोल्ट कुठे दोन तारांच्या मधोमध आले, कुठे तारेलाच खेटले. मी ते दाबून बसवले. दातेरी चाक किंचित तिरकं राहिलं. चेन एका जागी ताठ व्हायची, अर्ध्या फेऱ्यानंतर सैल. तिला ताण द्यायला किटमध्ये एक कप्पी असते, मी तीही नुसती आवळून सोडून दिली.

सायकल मी आमच्या गोळपच्या बागेतच चालवली. सड्यावरच्या कलमांतून खाली वहाळापर्यंत उतरणारी कातळाची वाट तुला ठाऊक आहे. तीवर गुडघे फोडून घेऊनच तू सायकल शिकलास. पहिल्या दिवशी क्लच सोडला, एक आचका बसला, आणि ती सायकल जी काय ओरडत चढ चढली! मी नुसता बसून होतो. इतकी वर्षं ज्या चढाला उतरून सायकल ढकलली, तो चढ पाय न हलवता संपला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराने, थोडं आपोआप.

चौथ्या खेपेला ती कप्पी फिरून तारांत घुसली. पाच तारा तुटल्या, चाक जागच्या जागी अडकलं. चढावर होतो म्हणून निभावलं. सायकल आडवी झाली आणि मी तिच्यावर. थरथरीने नट सैल होतात हे मला माहीत होतं, तरी तपासले नव्हते. दोष किटचा नाही, माझाच.

मग शहाणा झालो. तारांवर भार न देता थेट हबला धरणारी दोन फाकांची पकड लेथवर करून घेतली. चाकाला जाड तारा भरून आउट काढला. खाऱ्या वाऱ्यात गंज धरतो म्हणून बोल्ट स्टेनलेसचे घेतले. वाटलं, आता झालं.

आणि मग मी उतारावर निघालो.

रत्नागिरीत कोणालाही विचार, सायकल का सोडलीस, तर 'चढ' म्हणून सांगेल. वर जांभ्याचा सडा, खाली भाट्ये, मांडवी, मिऱ्या. सपाट रस्ता असा नाहीच. म्हणून प्रत्येकाला चढासाठी इंजिन हवं असतं. पण चढ कोणाला मारत नाही. फार तर दमवतो. ताशी १५ किमीऐवजी ४५ ने चाललास तर वेग तिप्पट होतो, पण थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा नऊपट होते. आणि त्यासाठी आपल्याकडे काय, तर सळईचे ब्रेक. रबराचे चार ठोकळे लोखंडी रिमवर आतल्या बाजूने दाबणार. कोरड्यात ठीक. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ओल्या रिमवर ते रबर साबणासारखं सरकतं. त्या दिवशी नुसती बुरबुर होती. दोन्ही ब्रेक आवळून मी सावकाश, अगदी सावकाश, वहाळात गेलो. पाणी घोटाभर होतं, म्हणून आज पत्र लिहितोय.

तुझ्या आजोबांची लूना आठवते? तू पडवीत तिच्यावर बसून पॅडलं उलटी फिरवायचास. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये पियाजिओच्या 'चाव' मोपेडवरून ती आणली. पॅडलं असलेली, ५० सीसीची, दिसायला इंजिन लावलेली सायकलच. आजोबा चढावर तिला पॅडल मारून हात द्यायचे आणि आम्ही हसायचो. आता उलगडतं, की कारखान्याने सायकलला इंजिन लावलं नव्हतं. आधी जाड टायर घेतले, चाकांत ड्रम ब्रेक घातले, फ्रेम नव्याने केली आणि मग त्याला झेपेल एवढंच इंजिन दिलं. मी नेमकं उलट केलं.

आता कायद्याचं, कारण ताई विचारणारच. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचं इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच ते मोटार वाहन ठरत नाही. तुझं किट ६६ चं. म्हणजे रस्त्यावर आणलीस की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागणार. घरी जुळवलेल्या गाडीची नोंदणी होणं जवळजवळ अशक्य, आणि एवढ्या इंजिनाच्या लायसन्सला १८ वर्षं पुरी हवीत. तू सतराचा. विषय मिटला.

पण विजेच्या सायकलला वाट आहे. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, आणि वजन, ब्रेक, रिफ्लेक्टर नियमात बसत असतील तर ती मोटार वाहन धरत नाहीत. २५० म्हणजे काहीच नाही असं तुला वाटेल. मांड हिशेब: तू आणि सायकल मिळून ९५ किलो, बारा मीटरला एक मीटर चढ, वेग ताशी १५. हवा आणि घर्षण सोडून सव्वातीनशे वॅट लागतात. अडीचशे मोटरचे, उरलेले तुझ्या पायांचे. आजोबा लूनावर तेच करायचे.

माझं इंजिन मी काढून टेबलावर बसवलंय. ते तुझं. दिवाळीत ये, आपण ते पुरं खोलू, पिस्टन बाहेर काढू, ऑईल घालून पुन्हा पेटवू. तुझी सायकलही घेऊन ये. पहिले दोन दिवस फक्त ब्रेक आणि चाकं. ते मला पटले, तर तिसऱ्या दिवशी मोटरचं बोलू; पैसे मी घालतो. हे पत्र ताईला वाचून दाखव, वहाळाची हकीकत गाळून.

तोवर किट मागवू नकोस. मागच्या चाकाच्या तारा मोज आणि आकडा कळव.

ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझा
मामा