दोन फळ्यांचे दार

सांगलीच्या पेठेतील आमच्या घराचे पुढचे दार बदलावे की नाही, यावर गेल्या वैशाखात घरात महिनाभर चर्चा चालली होती. हळदीच्या मोठ्या सौद्यासाठीही मी एवढा वेळ कधी घेतला नसेल.

दार आजोबांच्या काळातले. सागवानी, दोन फळ्यांचे, आतून आडवा अडसर. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात ते कित्येक दिवस कृष्णेच्या पाण्यात उभे होते आणि 2021 च्या जुलैत पुन्हा. दोन्ही वेळा ते फुगून चौकटीत अडकले आणि दिवाळीपर्यंत वाळून पूर्ववत मिटू लागले. शेजाऱ्यांच्या प्लायवूडच्या दारांचे पापुद्रे सुटले होते; त्यामुळे आम्हांला आमच्या दाराचा थोडा अभिमानही होता. यंदा मात्र चौकटीच्या पायाशी मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली. बोटाने दाबले, तर लाकूड भाजलेल्या पापडासारखे आत गेले.

चिरंजीवांचे मत ठाम होते. मागच्या गल्लीत चोरी झाल्यापासून त्यांना पोलादी दार हवे होते. एकच फळी, बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप. माहितीपत्रक वाचून दाखवताना ते म्हणाले, दोन पत्र्यांच्या मध्ये पोळ्यासारखी कागदी जाळी असते. ‘पोळे’ ऐकताच आईच्या कपाळावर आठी उमटली. ते केवळ आकाराचे नाव आहे, हे आजीला पटवण्यात नातवाची एक सायंकाळ गेली. मला मात्र त्यांचे म्हणणे खोटे वाटत नव्हते. दुपारी आई घरात एकटी असते आणि तिचे वय आता चौऱ्याऐंशी आहे.

आईने एवढेच विचारले, “हे दार आत उघडते की बाहेर?”

बाहेर, असे कळल्यावर ती उठून दारात गेली आणि आमच्या अरुंद ओट्याकडे पाहत उभी राहिली. चातुर्मासात महाराज गावात असले की सकाळी आम्ही शोधाचे कपडे घालून, हातांत कलश-श्रीफळ घेऊन तेथेच पडगाहनाला उभे असतो. महाराज उजव्या खांद्याला बोटे टेकवून मौनाने येतात. मनात घेतलेला विधी जुळला तर थांबतात, नाही तर पुढे जातात. थांबले तर त्यांना तीन प्रदक्षिणा घालायच्या. बाहेर उघडलेली जाड फळी अर्धा ओटा व्यापणार. “मग आम्ही फिरायचे कुठून?” आईने विचारले. चिरंजीवांजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत दाराचा असा विचार मीही केला नव्हता.

वाळवीचा प्रश्न याहून अवघड निघाला. औषध मारणारा मनुष्य भोके पाडून औषध ओततो म्हणाला. आई म्हणाली, वाळवी त्रींद्रिय जीव आहे. दारासाठी जाणूनबुजून मारायचे नाही. त्यावर चिरंजीव हळू आवाजात बोलले, “आजी, गोदामात पोत्यांना धुरी देतो, तेव्हा ही चर्चा होत नाही.”

कुणीच काही बोलले नाही. धुरी मीच देववतो. उद्योगी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतील भेद मला ठाऊक आहे आणि पर्युषणात तो मी इतरांना समजावूनही सांगितला आहे. पण त्या सायंकाळी तो उच्चारण्याचे धाडस झाले नाही. गोदामाचा तो प्रश्न अजून तसाच आहे.

शेवटी जुन्या ओळखीचे सुतार आले. त्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, तासणीने कडेला किंचित तासले. “अण्णा, फळ्या शाबूत हायत. गाभ्याचं सागवान हाय, वाळवी सहजी लागत न्हाई. हे चौकटीचे पाय आंब्याचे, मागनं कुणीतरी जोडल्यात. खाल्लंय ते तेवढंच.” पाय थेट मातीत रोवलेले होते; वाळवीला तीच वाट मिळाली होती.

तेव्हा खाल्लेला भाग कापून काढला आणि मातीसकट घमेल्यांत भरून शेताच्या बांधावर बाभळीखाली ठेवला. त्यातले किती जीव जगले असतील, हा हिशेब मांडता येत नाही. नवी चौकट सागवानाची केली आणि खाली काळ्या दगडाचा उंबरठा बसवला, म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. आईच्या गुडघ्यांसाठी उंबरठा दोन इंच कमी केला. जुन्या फळ्या पूर्वीसारख्याच आत उघडतात. त्यांच्या आत सरकती लोखंडी जाळी आली आणि चिरंजीवांचे कुलूप तिच्यावर बसले. खर्च पोलादी दाराहून अधिक झाला, हे त्यांनी वहीत नीट लिहून ठेवले आहे.

चातुर्मासात पहिल्या सकाळी आई, मी आणि सौ. दोन्ही फळ्या उघडून उभे राहिलो. चिरंजीवही दुकान उशिरा उघडून आले होते. महाराज आले, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि पुढे गेले. आम्ही कलश खाली ठेवले. आई उंबरठ्याचा दगड हाताने चाचपत म्हणाली, “अजून ओल आहे. उद्या पहाटेच पुसून घ्या.”