नरकचतुर्दशीची भुते

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करायचे आणि त्याच रात्री भुतांच्या घोळक्यात नाचायला जायचे, असा योग माझ्या पत्रिकेत आहे म्हणून एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याची दक्षिणा परत मागितली असती! पण २०२४ साली तो योग आला खरा.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आपली नरकचतुर्दशी नि अमेरिकेतले हॅलोवीन एकाच दिवशी आले. हॅलोवीन ही तिकडची भुताखेतांची रात्र. पोखरलेल्या भोपळ्यांत दिवे ठेवायचे आणि लहानथोरांनी सोंगे घेऊन हिंडायचे. माझी मुलगी मधू जर्सी सिटीत असते. सकाळी कारीट मिळेना, म्हणून तिने दिलेला इवलासा टोमॅटोच मी पायाखाली चिरडला. नरकासुराने तक्रार केली नाही.

मधू नोकरी सांभाळून साल्सा नावाचा नाच शिकते. त्या रात्री तिच्या वर्गातली मंडळी सोंगे घेऊन न्यूयॉर्कच्या एका नृत्यगृहात जाणार होती. ‘‘बाबा, तुम्हीही चला,’’ ती म्हणाली. मी पुण्याहून निघण्यापूर्वी तिने फोनवर आईचे हिरवे इरकल लुगडे मागवले होते. आठवण म्हणून हवे असेल, असे मला वाटले. संध्याकाळी खोलीचे दार उघडले, तो मधू तेच लुगडे नेसून, नाकात नथ घालून, कोळीण होऊन उभी!

वाचकहो, इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. मधू आठवीत असताना स्नेहसंमेलनातल्या कोळीनाचासाठी तिची निवड झाली होती. आईने हेच लुगडे इस्त्री करून ठेवले होते. मी त्याच शाळेचा हेडमास्तर. ‘‘लोक काय म्हणतील? माझी मुलगी रंगमंचावर नाचणार नाही,’’ मी म्हणालो आणि विषय संपला. आईने मुकाट्याने लुगडे ट्रंकेत ठेवून दिले. तिला जाऊन आता तीन वर्षे झाली.

‘‘बाबा, पदराला पिन लावता?’’ मधूने विचारले. लुगड्याला अजून डांबरगोळ्यांचा वास होता.

जर्नल स्क्वेअरला आम्ही गाडीत बसलो. हडसन नदीच्या पोटातून जाणारी ही वाट १९०८ सालची. डब्यात दोन राक्षस, एक हडळ आणि एक सहा फुटी केळे होते. केळ्याने उठून मला जागा दिली! चौदाव्या रस्त्याला उतरून वर आलो, तर सिक्स्थ ॲव्हेन्यूवर अनंत चतुर्दशीच्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. राल्फ ली नावाच्या मुखवटे करणाऱ्या कलावंताने १९७४ साली ग्रिनिच व्हिलेजात सुरू केलेली ही सोंगांची मिरवणूक.

नृत्यगृहाच्या दाराशी एका सांगाड्याने स्वागत केले. ती वर्गाची शिक्षिका. घराणे पोर्तो रिकोचे. तिने मला शेजारी बसवून सगळा इतिहास सांगितला. साल्सा म्हणजे स्पॅनिश भाषेत चटणीसारखे तोंडीलावणे. नाचाची मुळे क्यूबात, वाढ न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांत. ब्रॉडवे आणि त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पॅलेडियम नावाचे नृत्यगृह होते. तिथे गोरे, काळे, ज्यू, इटालियन सगळे एकाच फरशीवर मांबो नाचत. १९६६ साली ते बंद पडले. ‘‘माझे आईवडील तिथेच भेटले,’’ ती म्हणाली. ‘‘आजोबांनी वर्षभर आईशी अबोला धरला होता.’’

मी घसा साफ केला.

नाच सुरू झाला. लाकडाच्या दोन दांड्यांचे टोले मी मोजू लागलो. मोजणी आठाची, आपल्या केरव्यासारखीच! पावले एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सातवर. चौथी नि आठवी मात्रा मोकळी. इतक्यात एका मधमाशीने विचारले, ‘‘आपण कोणाचे सोंग घेतले आहे?’’

‘‘बाबा हेडमास्तर झालेत,’’ मधू म्हणाली. सगळे हसले. मलाही हसणे भाग होते.

मग ती नाचायला गेली. काष्ट्यामुळे पाय मोकळे, गिरकी घेतली की पदर जागच्या जागी. इतर बायका आपले झगे सावरीत होत्या; तिला काही सावरावे लागत नव्हते. ती हसली की थेट आईसारखी दिसे. शाळेतल्या त्या संमेलनात पहिल्या रांगेतली खुर्ची माझीच होती, हे मला उगाच आठवले.

गाणे संपताच ती माझ्याकडे आली. ‘‘चला बाबा.’’

‘‘अग, लोक काय म्हणतील?’’ जिभेवर तेच जुने वाक्य आले.

‘‘लोक सगळे भुते आहेत, बाबा!’’

उठलो. ती हात धरून मराठीत मोजू लागली, ‘‘एक, दोन, तीन, थांबा!’’ मी चौथ्यावर पाऊल टाकले ते नेमके तिच्या पायावर. पुन्हा ‘‘पाच, सहा, सात, थांबा!’’ सातव्या-आठव्या खेपेस थांबायचे तिथे थांबलो, तेव्हा सांगाड्याने टाळ्या वाजवल्या.

मध्यरात्रीनंतरच्या गाडीत केळेही झोपले होते. बोगद्यात मी म्हणालो, ‘‘मधू, त्या वेळी माझे चुकले.’’

ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘पिन टोचते आहे बाबा, काढता?’’

दुसऱ्या दिवशी लुगड्याची घडी मी घातली. पुण्याला परत आणले नाही. तिच्याच कपाटात ठेवून आलो.